मदत हवी आहे: बाबांना दुसऱ्या ब्रँडचा फोन कसा गळी उतरवायचा? (शनिवारच्या आत)

कोथरूडकर_८४
नमस्कार. वेळ नाही म्हणून थोडक्यात लिहितो. बाबांचा फोन शेवटच्या घटका मोजतोय. काचेला तडा गेलाय, चार्जिंग दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाही. ताईने येताना त्यांच्यासाठी आयफोन आणलाय, नवाकोरा. बाबा हात लावायला तयार नाहीत. "मला माझाच ब्रँड हवा" हे एकच पालुपद. दहा वर्षांत एकाच ब्रँडचे तीन फोन झाले, चौथाही तोच पाहिजे. ताई शनिवारी रात्री परत जातेय आणि घरात अबोला आहे. माणसं एका ब्रँडला एवढी का चिकटतात आणि त्यातून त्यांना सोडवायचं कसं? घरच्या ज्येष्ठांना अँड्रॉइडवरून आयफोनवर कुणी आणलं असेल तर सांगा. "फोन बाजूला ठेवा, वडिलांशी बोला" छाप प्रतिसाद नकोत.

तिखटमीठ
बजेट किती? वय? फोनवर काय काय करतात? आधीचा ब्रँड कोणता?

कोथरूडकर_८४
फोन घरात येऊन पडलाय, बजेट कुठून आलं? वय ७४. वापर नेहमीचाच, सगळे करतात तोच. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, लिहिलं की इथे त्यावरूनच जुंपेल.

जुना_रेडिओ
चिकटण्याबद्दल मला विचारा. माझा नोकिया ११००, २००३ सालचं मॉडेल. डोक्यावर टॉर्च, धूळ जाऊ नये म्हणून कीपॅडवर सलग रबर. गावी भारनियमनात त्या टॉर्चच्या उजेडात आमची आई भाकरी थापायची आणि मधेच कुणाचा फोन आला की ओरडायची, "बंद कर ते, तवा दिसेना!" तो फोन बिघडला नाही हो, व्हॉट्सॲपपायी मीच बाजूला ठेवला. २०१४ मध्ये नोकियाचा मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, त्याच वर्षी त्यांचा चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखानाही बंद झाला. तेव्हापासून मी विधुर. मिळेल तो फोन वापरतो, जीव कुणातच नाही.

हिंजवडीग्रस्त
भावना बाजूला ठेवा, अपडेट किती वर्षं मिळतात ते बघा. पिक्सेल ८ पासून (२०२३) गूगल सात वर्षं देतंय, सॅमसंगने एस२४ पासून (२०२४) तेच सुरू केलं. ज्येष्ठांना दर दोन वर्षांनी नवा फोन शिकवायचा नसेल तर हाच निकष. मी असतो तर डोळे मिटून पिक्सेल.

कोथरूडकर_८४
पिक्सेल कुणी विचारलाय?

उंबरठा
आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत सात काकूंकडे एकाच ब्रँडचा फोन आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, कुणालाही सांगता येणार नाही. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाकडे तो होता आणि काही अडलं की सगळ्या त्याच्याकडे जायच्या, एवढंच कारण. मुलगा गेल्या वर्षी नोकरीला बंगळुरूला गेला. आता रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर "वरून खाली बोट ओढा काकू, नाही, हळू" चाललेलं जिन्यात ऐकू येतं. तरी नवा फोन घेताना त्याच ब्रँडचा! तुमच्या बाबांचं अडलं की कोण सोडवतं, आणि त्या माणसाकडे कोणता फोन आहे?

कोथरूडकर_८४
मीच सोडवतो. माझाही अँड्रॉइडच. पण आयफोनमध्ये शिकायचं असं काय असतं?

चष्मेबद्दूर
आयफोन हा फोन नाही, लग्नातला फेटा आहे. लक्ष्मी रोडवर आरशापुढे उभं राहून सेल्फी काढणारी मुलं बघा, चेहरा अर्धा झाकलेला, मागचं सफरचंद पूर्ण दिसतंय. हप्ते चोवीस महिने. अमेरिकेत निदान निळ्या-हिरव्या मेसेजची भानगड आहे (आयफोनवर दुसऱ्या आयफोनशी बोलताना मेसेज निळे, अँड्रॉइडशी हिरवे), तिथल्या पोरांना आयफोन नसला की ग्रुपमध्ये वेगळं पडल्यासारखं होतं. आपल्याकडे सगळे मरेतो व्हॉट्सॲपवर. मग उरलं काय? बाबांचं बरोबर आहे.

खडकीचा_खलाशी
चष्मेबद्दूर, सरसकट बोलू नका. मी फेट्यासाठी घेतला नाही. आधीचा फोन (ब्रँड सांगत नाही) चार्ज होईना. त्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पाऊण तास टोकन घेऊन बसलो. पोरगा म्हणाला, बोर्ड गेला, अकरा हजार. तोच फोन बुधवार पेठेतल्या एका बोळात नेला. दुकानदाराने भिंग लावलं, सुईने चार्जिंगच्या भोकातून एक करडा गोळा ओढून काढला. माझ्या पँटच्या खिशातला कापूस! फोन सुरू. वीस रुपये. फोन पुढे दीड वर्ष चालला, पण त्या ब्रँडकडे मी परत फिरकलो नाही. लोक ब्रँड का बदलतात ते अशा गोळ्यांत असतं, जाहिरातीत नाही.

सदाशिवसूत
बुधवारात गाडी कुठे लावली होतीत?

खडकीचा_खलाशी
लावली नाही. मेट्रोने मंडईला उतरलो.

सदाशिवसूत
हां, मग ठीक.

भगवी_कडा
आयफोन काय, ते चिनी काय, सगळं बाहेरचंच. लावा घ्या. आपल्या देशातली कंपनी.

हिंजवडीग्रस्त
कंपनी अमेरिकी असेल, पण आयफोनची जोडणी आता भारतातही होते. श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनचा कारखाना आहे.

जुना_रेडिओ
श्रीपेरुंबुदूर?? आमच्या नोकियाच्या गावात? आज जेवण जाणार नाही.

अण्णा_टिपणीस_नव्हे
नवीन फोन घेतल्यावर सगळ्यात आधी *#०६# दाबून आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) वहीत लिहून ठेवा. चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्यावरूनच ब्लॉक करता येतो. पावतीचा फोटो त्याच फोनमध्ये ठेवू नका, आमच्या मेव्हण्याने ठेवला होता.

तिखटमीठ
कोथरूडकर, फोन अमेरिकेतून आणलाय का? मॉडेल कोणतं? बाबांचं सिम कोणाचं? तिन्हीची उत्तरं द्या, चिडू नका.

कोथरूडकर_८४
अमेरिकेतूनच, ताई तिथे असते. आयफोन १६. सिम अजून घातलेलं नाही, घरच्या वायफायवर सुरू केलाय. खोक्यात सिमची पिनही नव्हती, ताई बहुतेक तिकडेच विसरली. सिम बीएसएनएल, २००४ पासूनचा नंबर. बँक, पेन्शन सगळं त्यावर. पोर्टचं नाव काढलं तर आधी आम्हाला घराबाहेर काढतील.

तिखटमीठ
ताई काही विसरलेली नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा ट्रेच नसतो. फोनच्या कडेवरून बोट फिरवून बघा. फक्त ई-सिम चालतं, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच सुरू करायचं सिम. बाबांचं मन वळवण्याआधी बीएसएनएलच्या कार्यालयात जाऊन ई-सिमचं विचारा. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर वीस प्रतिसाद वाचले असते.

कोथरूडकर_८४
फिरवलं. खरंच ट्रे नाही. कमाल आहे. ताईलाही माहीत नव्हतं.

चष्मेबद्दूर
म्हणजे बाबांचं बरोबरच होतं!

कोथरूडकर_८४
बाबांना ई-सिम कशाशी खातात ते माहीत नाही. त्यांचा नकार त्यासाठी नव्हता.

बटव्यातली_सुंठ
मी उशिरा आले. एक सांगा. ताईने फोन पहिल्यांदा त्यांच्या हातात दिला, तेव्हा नेमकं काय झालं? ब्रँडबिँड सोडा. जे घडलं ते जसंच्या तसं.

कोथरूडकर_८४
फार काही नाही. ताईने सगळं लावून दिलं होतं, मराठी कीबोर्डसुद्धा. बाबा झोपाळ्यावर बसले, नोट्स उघडून दिलं होतं तिथे तर्जनीने काचेवर काहीतरी गिरवलं. दोन-तीनदा. नुसती भलतीच बटणं दाबली गेली. मग फोन चष्म्याच्या घरावर ठेवला आणि म्हणाले, "यावर माझं अक्षर उमटत नाही." ताई म्हणाली, "बाबा, बटणं दाबायची." ते उठून गॅलरीत गेले. तिथून अबोला.

बटव्यातली_सुंठ
गिरवलं म्हणजे?

कोथरूडकर_८४
बोटाने लिहितात ना ते. काचेवर अ काढला की अ येतो. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवायचे, त्यांना ती बटणं शोधणं जमत नाही. रोज सकाळी जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर पाच-सहा ओळी लिहितात, ऱ्हस्व-दीर्घासकट. हे वेगळं सांगायला हवं होतं का?

तिखटमीठ
हो!!!

बटव्यातली_सुंठ
माझे सासरेही असंच लिहायचे. ती सोय त्यांच्या ब्रँडची नाही, गूगलची आहे. २०१५ मध्ये हस्तलेखनाचं वेगळं ॲप आलं होतं, नंतर ते जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये आलं. अँड्रॉइड कुठल्याही कंपनीचा असो, जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा, मग मराठी, तिथे हस्तलेखनाचा पर्याय निवडायचा. खाली कोरी पाटी येते. आयफोनच्या स्वतःच्या कीबोर्डात चिनी लिपीसाठी अशी पाटी आहे, मराठीसाठी नाही. बोलून लिहायची सोय जीबोर्डात मराठीला २०१७ पासून आहे, ती चालेल का त्यांना?

कोथरूडकर_८४
विचारलं. म्हणाले, "बोलतो ते भाषण, लिहितो ते लेखन." म्हणजे नाही.
पण मग दहा वर्षं ज्या ब्रँडचं कौतुक चाललंय त्याचा यात काहीच हात नाही?

बटव्यातली_सुंठ
नाही. पहिल्या फोनवर कुणीतरी ती पाटी लावून दिली असणार आणि पुढच्या दोन्हींवरही. कोणी लावली?

कोथरूडकर_८४
मीच लावली असणार. आठवत नाही.

हिंजवडीग्रस्त
म्हणजे कुठलाही अँड्रॉइड चालेल. मग पिक्सेल घ्या, जीबोर्ड आधीच असतो.

कोथरूडकर_८४
शुक्रवार रात्र, शेवटचं सांगतो. बाबांचाच ब्रँड घेतला, वाद नको. दुकानातच जीबोर्ड टाकला, पाटी लावली. बाबांनी काउंटरला टेकून ळ काढला. आला. मग ज्ञ. आला. मग "दुसऱ्या" लिहिलं, त्यातला ऱ्या नीट आलाय ना हे फोन नाकाजवळ नेऊन तपासलं आणि दुकानदाराला म्हणाले, "द्या." जुनं सिम घातलं. घरी आल्यावर ताईला पहिला मेसेज गेला: "पोहोचल्यावर कळव." ती अजून इथेच आहे, शेजारच्या खोलीत, पण निदान बोलणं सुरू झालं.
आयफोन ताई मला ठेव म्हणतेय. माझं सिम एअरटेलचं, ई-सिम करून मिळेल. पण मग बाबांचं काही अडलं तर माझ्या हातात अँड्रॉइड नसणार.

उंबरठा
मी काय म्हणत होते!

भगवी_कडा
लावा घ्या.

जुना_रेडिओ
बाबांच्या नव्या फोनला टॉर्च कुठून लागतो ते दाखवलंत ना त्यांना?