किमो चालू आहे, देवापुढे हात जोडवत नाहीत

अबोली : स्तनाच्या कॅन्सरसाठी किमो चालू आहे. लाल औषधाचे डोस संपले, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. घर वारकरी, सासूबाई माळकरी. पण देव्हाऱ्यापुढे बसलं तरी मन कोरडंच राहतं. भेटायला येणारे सगळे म्हणतात, "लवकर कळलं, देवाचे आभार मान." मला तेवढा राग कशाचाच येत नाही. यातून गेलेल्यांची श्रद्धा कशी टिकली? आणि एकादशी सोडू का?

सातारकर ताई : अगं, राग येऊ दे. आजाराबद्दल मी देवाचे आभार मानले नाहीत, मानणारही नाही.

माझे उपचार परळला टाटात झाले, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. लाल औषधानंतर तोंडभर फोड आले, पाणीसुद्धा झोंबायचं. शेजारी बिहारची एक बाई होती, तिच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर. मला हिंदी धड येत नव्हतं. ती भाताची पातळ पेज करायची, वाटीला मनगट लावून निवली का बघायची आणि मगच चमचा पुढे करायची. स्वतःचं पोर तापानं फणफणलेलं असतानाही! एका रात्री माझे हात आपसूक जोडले गेले, त्या पोरासाठी. स्वतःसाठी मागणं फार नंतर सुचलं. बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार हा गाडगेबाबांचा रोकडा धर्म लहानपणापासून ऐकत आले होते, तिथे त्याच्याच छपराखाली राहिले.

उपास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नकोस. पांढऱ्या पेशी कमी असताना देवळातली गर्दी टाळ. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर मध्यरात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

पंढरीचा वाटसरू : आमच्या मंडळींना किमोत नाम घेववत नसे. मी उशाशी बसून घ्यायचो. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला तरी मी थांबत नसे. तुमच्या घरी माळकरी माणूस आहे, त्यांना सांगून बघा.

अबोली : सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तुझ्या वाटची एकादशी मी धरते, तू वरणभात खा." मग कितीतरी वेळ माझे तळपाय चोळत बसल्या. बरं, पॅक्लिटॅक्सेलनं बोटांना मुंग्या येतात, ब्लाउजचे हूकही लागत नाहीत. हे चालायचंच का?

सातारकर ताई : अंगावर काढू नकोस. पुढच्या डोसआधी डॉक्टरांना हुकाचं असंच सांग, गरज वाटली तर ते डोस कमी करतात. आणि सासूबाईंना माझा नमस्कार.