मदत हवी आहे: मणक्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा सायकल (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

वय ४६, बँकेत नोकरी, म्हणजे दिवसभर खुर्चीत. एल५-एस१ ची, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्याखालची गादी सरकली आणि डाव्या पायात अशी कळ सुरू झाली की रात्र रात्र झोप नाही. गोळ्या, इंजेक्शन सगळं करून शेवटी मायक्रोडिस्केक्टोमी (गादीचा सरकलेला भाग छोट्या छेदातून काढायचं ऑपरेशन) झाली, त्याला चार महिने होत आले. कळ गेली, करंगळीकडची कड मात्र अजून बधिर आहे.

सर्जन म्हणाले, "सायकल चालवायला हरकत नाही," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कशी, किती, कुठे, काही नाही. सासूबाई म्हणतात विकून टाक. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. (म्हणजे काय ते बायकांना कळेल.)

पूर्वी रविवारी शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा ठरलेला असायचा. आता तेवढी हाव नाही, रंकाळ्याला बिनघोर चक्कर झाली तरी पुष्कळ. घरातल्या व्यायामाच्या सायकलवर वीस मिनिटं बसते, त्रास होत नाही. भीती पायडलची नाही, धक्क्याची आहे. आपल्याकडचे रंग उडालेले स्पीडब्रेकर चाकाखाली आल्यावरच कळतात. आधी मी सीटवरून उठून ते सहज घ्यायची, आता ऐन वेळी अंग कचरतं.

रोड बाइक आहे, टायर २५ मिमी रुंदीचे, हँडल सीटपेक्षा खाली. हिच्यातच बदल करू की हायब्रिड (सरळ हँडलची, जाड टायरची) घेऊ? कमरेला पट्टा लावून चालवावी का? पन्हाळा कधी? शक्यतो ऑपरेशन झालेल्यांनी सांगा, मावसभावाच्या मित्राचे किस्से ऐकून झालेत. सायकल दुसऱ्या मजल्यावर असते, लिफ्ट नाही, जिन्यातून उचलून न्यावी लागते.

प्रतिसाद १

ताई, माझं एल४-एल५ चं, तुमच्या वरच्या गादीचं झालंय. तुमच्या शेवटच्या वाक्यालाच अडलो. चालवायचं नंतर बघू, आधी ते जिन्यातून उचलणं बंद करा. नऊ-दहा किलो एका हातात धरून प्रत्येक वळणावर कंबर पिळायची, हे रंकाळ्याच्या चकरेपेक्षा वाईट. खाली पार्किंगमध्ये जाड साखळी लावा. गाडीच्या कॅरिअरवरही स्वतः चढवू नका.

लगेच नवी घेऊ नका. बऱ्याच रोड बाइकचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) उलटा बसवला की हँडल थोडं वर येतं, खर्च शून्य. फ्रेममध्ये बसत असतील तर २८ किंवा ३२ चे टायर घाला आणि हवा थोडी कमी ठेवा, निम्मे धक्के तिथेच मरतात. सीटची उंची मागून कुणाला तरी बघायला सांगा. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच आहे. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवा, जड गिअर दाबून मारायची खुमखुमी सोडा. घाटाचं नाव तूर्त काढू नका.

प्रतिसाद २

मी फिजिओ आहे. तपासल्याशिवाय 'करा' म्हणणार नाही, पण काही गोष्टी बघा. भिंतीला हात टेकवून फक्त डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येतं का? उजव्याच्या मानाने टाच लवकर खाली येत असेल तर त्या पायात अजून ताकद कमी आहे. घाटाआधी ते सुधारायला हवं.

दुसरं, पहाटे उठल्या उठल्या सायकलवर बसू नका. रात्रभर आडवं राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, पहिल्या तासात पुढे वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. चहा करा, घरात फिरा, मग निघा. पट्ट्याची सवय नको. बर्ड डॉग आणि साइड प्लँक हे कमरेचे व्यायाम रोज करा, सायकल नसेल त्या दिवशीही.

चालवून आल्यावर कंबर थोडी जड वाटली तर घाबरू नका. दुखणं पायात उतरायला लागलं तर मात्र थांबा आणि सर्जनना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर उद्यावर टाकू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती

दोघांचे आभार. चवड्यावर आत्ताच उभी राहून बघितलं, डावी टाच लगेच टेकली. म्हणजे पन्हाळा लांबच. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मीटरच्या खोलीत सायकल ठेवायला होकार दिलाय. माझ्या फ्रेममध्ये २८ च्या वर टायर बसत नाही, त्यामुळे एकच राहिलं: हँडल वर घ्यायला कोन बदलता येणारा स्टेम कोल्हापुरात कुठे मिळेल? कुणाकडे जुना पडून असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, राजारामपुरीपर्यंत येऊन घेऊन जाईन. स्कूटरवरून नाही, रिक्षाने.