४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि ओंडके भरणारा ट्रेलर

स्वीडनमधल्या आपल्या लहानशा वनासाठी ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला क्रेनचा ट्रेलर जोडावा का, या आपल्या प्रश्नावर आतापर्यंत अश्वशक्तीचीच चर्चा झाली; माझ्या मते खरी अडचण क्रेन हलवणाऱ्या तेलाच्या प्रवाहाची आहे. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकवर (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेवर) क्रेन चालवली, तर बूम म्हणजे क्रेनचा लांब हात फिरवणे आणि ओंडका पकडणारा पंजा मिटणे ही कामे एकाच वेळी करताना दोन्ही रेंगाळतात. म्हणून पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरणाऱ्या, बाहेरची यंत्रे चालवणाऱ्या दांड्यावर) चालणारा, वेगळ्या तेलटाकीचा पंप घ्यावा.

४ मीटर लांब, ३० सेंटिमीटर व्यासाचा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा ओला ओंडका साधारण २४० किलो भरतो. तो जवळून सहज उचलला जातो, पण बूम पूर्ण लांबवल्यावर तोच ओंडका ट्रेलरला कलंडवू शकतो. उतारावर मी एकदा घाईने आधाराचे पाय नीट टेकवलेच नाहीत आणि वरच्या अंगाचे चाक वीतभर उचललेले दिसताच ओंडका होता तिथेच खाली ठेवला.

भरलेला ट्रेलर ट्रॅक्टरहून जड होतो, हेही विसरू नये. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नये. वाहतूक शक्यतो जमीन गोठून घट्ट झाल्यावरच करावी.