सल्ला हवा: जीएसटी आणि एक्सेलच्या कामासाठी परवडणारा प्रोसेसर कोणता?

खतावणी:
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. माझ्या मशिनमध्ये आय३-७१००, ८ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे. १४ तारखेला २बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीची यादी) आलं की २० तारखेच्या ३बीपर्यंत (महिन्याचं रिटर्न) पार्ट्यांचं खरेदी रजिस्टर आणि २बी यांचा ताळमेळ लावायचं काम चालतं. मोठ्या पार्टीच्या दोन्ही शीटमध्ये चाळीसेक हजार ओळी असतात. व्हीलुकअप (एका शीटमधली नोंद दुसऱ्यात शोधणारा फॉर्म्युला) खाली ओढला की एक्सेल पांढरं पडतं आणि ऑफिस चहाला जातं. शिवाय एक मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम), टॅली कायम उघडी, क्रोमचे वीसेक टॅब, दोन मॉनिटर. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले आणि हा प्रोसेसर ११ च्या यादीत नाही, तेव्हा बदलायचं तर आहेच. मॉनिटर, कीबोर्ड आहेत, फक्त डबा हवा. बजेट ३५ हजार, थोडं ताणता येईल. दुकानदार म्हणतो आय७ घ्या, पुढची दहा वर्षं बघायला नको. गेम कोणी खेळत नाही. काय घेऊ?

तारेवरची:
आय७ नको. आय५-१२४०० घ्या, उरलेले पैसे एसएसडी आणि रॅमवर घाला. नावात एफ असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घ्यावं लागेल.

अर्धविराम:
ताई, खरेदीआधी जुन्या मशिनवरच एक गोष्ट बघा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करा आणि लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दिसतील असं करा. तुमच्याकडे चार चौकोन येतील: प्रोसेसरचे कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन, आणि प्रत्येकी दोन थ्रेड (कामाच्या रांगा). आता एकदा व्हीलुकअप चालवा, एकदा मॅक्रो. दोन्ही वेळा चौकोन कसे भरतात ते इथे सांगा.

हे अशासाठी की एक्सेल २००७ पासून फॉर्म्युले अनेक थ्रेडवर वाटून घेतं, पण व्हीबीए मॅक्रो एकाच थ्रेडवर चालतो. मॅक्रो चालू असताना एकूण आकडा २५-३० टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर रिकामाच आहे. रिकामा नसतो, एक कोर घाम गाळत असतो आणि बाकीचे बघत बसलेले असतात. तिथे आय७ चे जादा कोर काही कामाचे नाहीत, एका कोरचा वेग लागतो.

एमएस ऑफिस कोणतं आहे? फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे ३२ बिट लिहिलंय का तेही बघा.

लॅमिंग्टन_लोकल:
एएमडीचं नाव कोणी घेईना म्हणून मी घेतो. रायझन ५ ५६००जी. सहा कोर, बारा थ्रेड, आत व्हेगा ग्राफिक्स, डीडीआर४ रॅम. बोर्ड स्वस्त. आमच्या ऑफिसात दोन आहेत, तक्रार शून्य.

तारेवरची:
५६००जी वाईट नाही हो, पण त्याची जमेची बाजू तगडं ग्राफिक्स, आणि ताईंना त्याचा उपयोग काय? एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबीच, १२४०० ला १८. एका थ्रेडच्या वेगातही १२४०० पुढे आहे. ५६००जी बराच स्वस्त मिळाला तरच. आणि एएम५ वर (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचं सॉकेट) जायचं म्हणाल तर तिथे डीडीआर५ च चालते. सध्या रॅमचे भाव बघितलेत ना? १२४०० ला डीडीआर४ वाला बोर्ड मिळतो, तिथे पैसे वाचतात.

खतावणी:
बघितलं. व्हीलुकअपला चारही चौकोन वरपर्यंत भरले, मॅक्रोला एकच. ऑफिस २०१६, ३२ बिट. म्हणजे आय७ ची गरज नाही, असंच ना?

अर्धविराम:
तसंच. फॉर्म्युल्यांना दोनाचे सहा कोर झाले की फरक लगेच दिसेल, मॅक्रोला नव्या पिढीच्या कोरचा वेग मिळेल. १२४०० चे सहाही कोर पूर्ण ताकदीचे आहेत. १३४०० त्याच भावाच्या आसपास आला तर जरूर घ्या, त्यात चार छोटे कोर जादा आहेत. १३व्या-१४व्या पिढीच्या बिघाडाच्या बातम्या २०२४ मध्ये गाजल्या होत्या. इंटेलने वॉरंटी वाढवून दिली ती १३६००के आणि त्यावरच्या मॉडेलांना, १३४०० त्या यादीत नाही.

पण प्रोसेसर येईपर्यंत शीटकडेही बघा. क्रमाने न लावलेल्या यादीत नेमकी जुळणी शोधायची म्हणजे ४० हजार ओळींसाठी प्रत्येकी सरासरी २० हजार तुलना, मिळून ८० कोटी. एवढं केल्यावर त्या बिचाऱ्या आय३ ने मान टाकली तर नवल काय. २०१६ च्या डेटा टॅबमध्ये गेट अँड ट्रान्सफॉर्म आहे, त्यातून दोन्ही तक्ते जीएसटी नंबर आणि बिल नंबरवर मर्ज करा. बिल नंबरातले डॅश, स्लॅश आणि पुढची शून्यं आधी साफ करा, निम्मी न जुळणारी बिलं त्यातच असतात. नव्या मशिनवर ऑफिस ६४ बिट टाका. ३२ बिटला रॅम कितीही घाला, एक्सेल त्यातला थोडासाच भाग वापरतं.

गावरान_टेक:
बोर्डाचं कोणी बोललं नाही. एच६१० (१२४०० ला चालणारा स्वस्त चिपसेट) पुरेसा आहे, पण रॅमचे खाचे दोनच असतात. दुकानदार ८ च्या दोन पट्ट्या लावून देईल, मग पुढे वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात. गेमवाल्यांना दोन पट्ट्या हव्यातच, तुमच्या कामाला १६ ची एक लावून एक खाचा मोकळा ठेवलेला बरा. मागे कोणते पोर्ट आहेत तेही बघा. स्वस्त बोर्डांवर एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए असतो, तुमचे दोन मॉनिटर त्यावर बसतात का? ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) एसएसडी घ्या आणि टॅलीचा डेटाही तिच्यावरच ठेवा. बॅकअप मात्र वेगळ्या डिस्कवर, हे तुम्हाला सांगायला नको.

लॅमिंग्टन_लोकल:
असिस्टंटसाठीही मशिन घेणार असाल तर त्याला आय३-१२१०० पुरे. चार कोर, पण एकेका कोरचा वेग १२४०० च्या जवळपास. बिलं टाकायला आणि रिटर्न भरायला दणकट आहे.

खतावणी:
एक मॉनिटर व्हीजीएचाच आहे, दुसरा एचडीएमआय. तेव्हा ते जमलं. १२४०० आणि १६ ची एक पट्टी ठरवते. दुकानदार ट्रे पीस (खोक्याशिवाय सुटा प्रोसेसर) देतो म्हणतो, हजारभर कमी.

तारेवरची:
नको. कंपनीच्या खोक्यातला घ्या, सोबत पंखा येतो आणि तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेला पंखा वेगळा घ्यावा लागतो आणि वॉरंटी दुकानदार म्हणेल ती. बिल जीएसटी नंबर टाकून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट तुम्हाला मी काय सांगणार! आणि बिलावर मॉडेल पूर्ण लिहून घ्या. नुसतं 'आय५ बारावी पिढी' लिहिलं आणि घरी एफ निघाला तर बोर्डाच्या पोर्टांवर काहीच दिसणार नाही, आणि भांडायला हातात कागद नसेल.