व्होल्टेज ड्रॉपला मराठीत नेमकं काय म्हणावं?

खडूफळा:
मंडळी, मदत हवी आहे. आयटीआयच्या वीजतंत्री ट्रेडच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत नोट्स करतेय. ओहमचा नियम, एकसर आणि समांतर जोडणी, किरचॉफचे दोन नियम, एवढाच भाग. ओहमपर्यंत सगळं सुरळीत झालं, अडलं ते किरचॉफच्या दुसऱ्या नियमाशी. "बंद वाटेने पूर्ण फेरी मारली की वाटेतल्या सगळ्या रोधांवरचे व्होल्टेज ड्रॉप मिळून बॅटरीच्या व्होल्टेजइतके भरतात" असं वाक्य आहे. ड्रॉपसाठी मी "विभवपात" लिहिलं होतं, नोट्स तपासणाऱ्या सरांनी ते खोडून "विभवांतर" केलं, कारण पुस्तकात तोच शब्द आहे. मला पटत नाहीये. विभवांतर म्हणजे दोन बिंदूंमधला व्होल्टेजचा फरक, तो बॅटरीच्या टोकांमध्येही असतो आणि रोधाच्या टोकांमध्येही, पण एकीकडे चढतो आणि दुसरीकडे उतरतो. दोन्हीला एकच शब्द दिला तर मुलं प्लस-मायनस लावताना हमखास घसरतात आणि हा नियम तर सगळा चिन्हांवरच उभा आहे. उदाहरण अगदी साधं घेतलंय, १२ व्होल्टची बॅटरी, २ ओहम आणि ४ ओहम एकसर. एकूण ६ ओहम रोध, धारा (करंट) २ अँपियर, पहिल्यावर ४ व्होल्ट उतरले, दुसऱ्यावर ८. हे जे "उतरले" आहे ना, त्याचं नाम हवंय मला.

तारतंत्री:
ताई, ड्रॉपच लिहा. मुलं उद्या साइटवर जाणार, तिथे सुपरवायझर म्हणणार "लास्ट पॉइंटला ड्रॉप किती येतोय बघ", तेव्हा विभवपात शिकलेल्या पोराने कुणाकडे बघायचं?

बांधावरून:
आमच्याकडे यासाठी शब्द आहे की. "वायर व्होल्टेज खाते." गावात कुणालाही विचारा. आमची विहीर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) ३०० मीटरवर, दीड एचपीची सिंगल फेज मोटार, चार एमएमची तांब्याची केबल टाकलेली. जाऊन येऊन ६०० मीटर तार झाली, म्हणजे अडीच ओहमच्या आसपास रोध, मोटार १० अँपियर घेते, म्हणजे २५-२६ व्होल्ट केबलच खाते. डीपीवर २३० असलं तर मोटारीला २०४ मिळतात, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की डीपीवरच २०० असतात, मग मोटारीला काय उरणार सांगा. मोटार गुरगुरते, जास्त करंट ओढते, कंडेन्सर उडतो आणि मग मोटार भरून आणायची. हा सगळा ओहमचाच नियम आहे पण शाळेत तो आम्हाला केबलवर कुणी लावून दाखवला नाही, शाळेत फक्त व्ही बरोबर आय आर, म्हणजे व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रोध. "खाते" हे क्रियापद नोट्समध्ये घ्याच, आमच्या भागातल्या पोरांना एका क्षणात कळेल.

अनवट:
"खाते" बोलायला छान आहे पण परिभाषेत कसं चालेल? व्होल्टेज खाल्लं म्हणजे संपलं असं वाटतं, आणि मग पुढची पायरी अशी की करंटही खाल्ला जातो. एकसर जोडणीत पहिल्या बल्बने थोडा करंट खाल्ला म्हणून दुसऱ्याला कमी मिळाला, ही समजूत मी पदवीच्या मुलांमध्येही बघितली आहे. करंट कुणी खात नाही, सगळीकडून तोच २ अँपियर जातो. माझं मत "दाबघट". दाब हा शब्द लोकांच्या वापरातला आहे, पेपरात "कमी दाबाने वीजपुरवठा" येतं, खांबावर "उच्चदाब वाहिनी" लिहिलेलं असतं. विभव कोण म्हणतं? विभव म्हणजे संपत्ती, वैभव त्याच्यावरूनच आलं. साठ संवत्सरांत दुसऱ्याचं नाव विभव आहे, प्रभव, विभव, शुक्ल. विश्वकोशात याच गोष्टीला वर्चस् म्हटलंय. म्हणजे एका कल्पनेला वर्चस्, विभव, दाब असे तीन शब्द, आणि मुलाने प्रत्येक पुस्तकात नव्याने ओळख करून घ्यायची!

खडूफळा:
अनवट, खाण्याचा मुद्दा पटला, बांधावरूनांचं उदाहरण मात्र मी घेणार. पण दाबघट म्हटलं की पुरवठाच कमी झाला असं वाटतं, बिघाड झाल्यासारखं. इथे बिघाड काहीच नाहीये, उतरणं हा नियमच आहे.

स्टुटगार्टकर:
जर्मनमध्ये व्होल्टेजला श्पानुंग म्हणतात, म्हणजे ताण. आपल्याकडे "हाय टेन्शन लाईन" म्हणतात त्यातही ताणच आहे, दाब नाही. आणि ड्रॉपला श्पानुंग्सआबफाल, यातला आबफाल म्हणजे खाली पडणं, गळून पडणं. याच आबफालचा दुसरा अर्थ कचरा, पण इथे कामावर तो शब्द वापरताना कुणाच्याही मनात कचरा येत नाही. तेव्हा विभवपातातला "पात" ऐकून मुलांच्या मनात भलतंच काही येईल ही भीती धरू नका, महिनाभर वापरला की शब्द फक्त तेवढ्याच गोष्टीचा होऊन जातो.
जाता जाता, ते किरचॉफ नाही. किर्शहोफ किंवा किर्खहोफ, प्रांताप्रमाणे. किर्श म्हणजे चर्च, होफ म्हणजे आवार. शेवटी एकच एफ लिहिला तर तो चर्चच्या आवारातल्या दफनभूमीसाठीचा जुना शब्द आहे, आडनावात दोन एफ आहेत. हे नियम त्याने १८४५ मध्ये मांडले, तेव्हा कोनिग्सबर्गला शिकत होता, वय फक्त २१. कोनिग्सबर्ग म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राड.

तारतंत्री:
किरचॉफच राहू द्या दादा. परीक्षेच्या पेपरात तसंच येतं.

अनवट:
परीक्षेत येतं म्हणून चुकीचा उच्चार पिढ्यानपिढ्या चालवायचा का? आपण शेक्सपियरला बरोबर म्हणतो ना. ओहमला मात्र ओहम म्हणतो, मूळ उच्चार नुसता "ओम" आहे, ह नाहीच.

स्टुटगार्टकर:
बरोबर, तो एच फक्त ओ लांबवायला आहे. पण मराठीत "ओमचा नियम" लिहिलं तर वेगळंच पुस्तक वाटेल, तिथे ह ठेवलेला बरा. ओहमचं पुस्तक १८२७ चं, त्याने मोजमापं केली तेव्हा तो कोलोनला शाळेत शिकवत होता, आणि सुरुवातीला बॅटरीने दगा दिला म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांचा सांधा गरम-थंड ठेवून स्थिर पुरवठा मिळवला. खडूफळाताई, हे मुलांना सांगाच, शिक्षकाने केलेलं काम आहे.

पागोळी:
मला मूळ प्रश्नातलं फारसं कळत नाही पण "एकसर" शब्दावर अडखळले. एकसर म्हणजे एकसारखे असं मी शाळेत कायम धरून चालले होते आणि म्हणून समान रोधांचीच एकसर जोडणी होते असं वाटायचं. हा शब्द आला कुठून?

कातळशिल्प:
सर म्हणजे माळेचा पदर. मोत्यांचा सर, तीनसरी, पाचसरी माळ. एकसर म्हणजे एकाच सरात ओवलेले. एकामागे एक मणी, दोरा एकच. सिरीजला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. गणपतीच्या मखराला पूर्वी लावायचो त्या बारक्या बल्बच्या माळा अक्षरशः एकसर असत, ६ व्होल्टचे बल्ब, चाळीसेक एका माळेत, ४० गुणिले ६ म्हणजे २४०, म्हणून थेट २३० च्या प्लगला चालत. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद, मग चालू बल्ब घेऊन एकेका जागी लावून बघायचा.

अनवट:
जुन्या मराठीत "एकसरें" म्हणजे एकदम, सगळं एकाच वेळी. माझ्या मते शाळेतल्या एकसरचा संबंध तिकडेच जास्त आहे, माळेचा अर्थ नंतर चिकटवलेला वाटतो.

कातळशिल्प:
अहो पण एकदम, सगळं एकाच वेळी, हा अर्थ घेतला तर तो उलट समांतर जोडणीला लागू पडेल! तिथे सगळ्यांना एकाच वेळी पूर्ण दाब मिळतो. परिभाषा करणाऱ्यांनी माळच डोळ्यापुढे ठेवली असणार.

पागोळी:
आमच्या बोरिवलीत एकसर नावाचं गाव आहे, तिथले वीरगळ प्रसिद्ध आहेत, जहाजांची लढाई कोरलेले. त्याचा याच्याशी काही संबंध?

कातळशिल्प:
गावाचं नाव वेगळ्या वाटेने आलेलं असेल, गावांच्या नावांची व्युत्पत्ती अशी कानावरून लावू नये. वीरगळ मात्र जरूर बघा, शिलाहारांच्या काळातले मानतात.

खडूफळा:
एकसर ठेवतेच आहे, माळेचं सांगून. आता विचारतेच आहे तर किरचॉफच्या पहिल्या नियमाचंही विचारून घेते, जंक्शनला जेवढी धारा येते तेवढीच बाहेर जाते, तो. जंक्शनला पुस्तकी शब्द "संधी". मुलं वाचतात "संधीपाशी येणारी धारा" आणि त्यांच्या डोळ्यापुढे नोकरीची संधी.

बांधावरून:
सांधा म्हणा की. पाइपाचा सांधा, तारेचा सांधा, रोजचा शब्द आहे.

शिडाची_होडी:
सांधा म्हणजे जोड दिलेली जागा, दोन तारा पिळून टेप मारला की झाला सांधा. पण तिथे धारा फुटत नाही, जेवढी आली तेवढी सरळ पुढे. किरचॉफला तीन किंवा जास्त वाटा लागतात. आमच्याकडे रत्नागिरीत त्याला तिठा म्हणतात, हातखंबा तिठा सगळ्यांना माहीत आहे. तिठ्यावर ५ अँपियर आले, एका फाट्याने ३ गेले तर दुसऱ्याने २ जाणारच, तिठ्यावर काही साठत नाही. आणि ब्रँचला "फाटा" हा तयार शब्द आहेच.
दुसरं, तुम्ही पुढे मेश पद्धत घेणार असाल तर मेशला "जाळी" नका लिहू. जाळी म्हणजे अख्खं जाळं. जाळ्यातल्या एका भोकाला आमच्याकडे "आस" म्हणतात, मत्स्यव्यवसायवाल्यांच्या नियमातसुद्धा आस किती मिलिमीटरचा हवा असंच लिहितात. लूप कुठलाही फेरा असू शकतो, दोन-तीन आसांना वळसा घालून जाणाराही. मेश म्हणजे ज्याच्या पोटात दुसरा फेरा नाही तोच, म्हणजे एक आस. हा फरक मराठीत आधीपासून आहे, आपण फक्त उचलायचा.

खडूफळा:
शिडाची_होडी, हे मला फार आवडलं. लूपला फेरा, मेशला आस, घेतेय मी.

तारतंत्री:
ताई, विदर्भातल्या पोराला आस म्हणजे आशा. कोकणातला शब्द सगळ्या महाराष्ट्राला कसा चालेल? मेश म्हटलं तर निदान सगळ्यांना सारखंच नवीन.

शिडाची_होडी:
नवीनच शिकायचा तर मराठी का नको? रोहित्र नाही का रुजला? पेपरात रोज असतं, "रोहित्र जळाले, गाव अंधारात".

बांधावरून:
पेपरात रुजला. गावात डीपीच जळते. डीपी म्हणजे खरं तर डिस्ट्रिब्युशनची पेटी, ट्रान्सफॉर्मर नव्हे, पण शंभरातल्या शंभर जणांना डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मरच. अर्ज लिहितानाच तेवढं रोहित्र लिहितो.

अनवट:
अर्जात लिहिता म्हणजे रुजला. बोलायचा शब्द एक आणि लिहायचा एक असं असायला माझी हरकत नाही. माझी हरकत रोहित्र शब्दाच्या घडणीला आहे. रोह म्हणजे चढणं, आरोहातला. त्याला त्र लावून चढवण्याचं साधन. पण गावातला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टवरून ४३३ वर आणतो, म्हणजे उतरवतो. त्याला चढवणारा कसं म्हणायचं?

कातळशिल्प:
व्युत्पत्ती शब्द घडवताना लागते, वापरताना नाही. आणि रोह म्हणजे रुजणं, वाढणंही आहे, नुसतं चढणं नाही.

अनवट:
वाढणं घेतलंत तरी अडचण तीच राहते, गावात व्होल्टेज वाढतं कुठे?

बांधावरून:
वाढत नाही हे मात्र खरं. आमच्याकडे आत्ता १९० आहे.

स्टुटगार्टकर:
जर्मनमध्ये त्यालाही ट्रान्सफॉर्माटोरच म्हणतात, किंवा उमश्पानर, म्हणजे ताण बदलणारा. चढ-उताराचा प्रश्नच येत नाही. "दाबपालट" असा शब्द मराठीत करता आला असता.

अनवट:
दाबपालट चांगला आहे. म्हणजे दाब हाच शब्द धरायचा हे तुम्हालाही मान्य आहे तर.

स्टुटगार्टकर:
नाही, मला अजूनही ताणच बरोबर वाटतो. दाब दोन्ही बाजूंनी असतो, ताण टोकापासून टोकापर्यंत असतो, आणि व्होल्टेज नेहमी दोन टोकांमधलंच मोजतात. मल्टीमीटरच्या दोन प्रोब दोन जागी ठेवल्याशिवाय आकडा येतच नाही.

अनवट:
पाण्याचा दाबफरकही दोन टोकांमधलाच असतो. यावर वेगळा धागा काढतो.