आजोबांच्या शिकारवहीतल्या नोंदी आणि सातपुड्यातला हरणांचा माग

तापीकाठ:

सर्वांना नमस्कार. आमचे आजोबा, म्हणजे आप्पा, केळीचा बाग सांभाळून हिवाळ्यात सातपुड्यात शिकारीला जात असत. त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती आणि 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर त्यांनी ती स्वतःहून जमा केली, एवढेच मला घरच्यांकडून ठाऊक होते. यंदा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या धाब्याच्या घरात त्यांची एक लांबट खतावणी सापडली. तिच्या पुढच्या पानांवर केळीच्या घडांचा आणि मजुरीचा हिशेब आहे, तर मागच्या पानांपासून उलट्या बाजूने शिकारीच्या नोंदी आहेत.

मला आश्चर्य वाटले ते असे की बंदूक उडवल्याच्या नोंदी जेमतेम पाच-सहा आहेत. उरलेली सगळी पाने नुसत्या पाहणीची आहेत. चार-चार, पाच-पाच दिवस हा माणूस रिकाम्या हाताने नाल्यानाल्यांतून फिरत असे आणि संध्याकाळी काय पाहिले ते तुटक शब्दांत लिहून ठेवत असे. उदाहरणार्थ: "सांबर. साल ओली. वर फांदी मोडली." दुसरीकडे: "हरीण लहान. लेंड्यांचा ढीग, तोच." आणि एक वाक्य तर दर दोन पानांआड येते: "सकाळी खालून, ऊन चढल्यावर वरून." एके ठिकाणी "मीठ टाकले" असेही आहे.

येत्या हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावाच्या परिसरात, हातात फक्त कॅमेरा घेऊन, याच नोंदींच्या आधाराने हरणांचा माग काढून पाहावा असे मनात आहे. जाणकारांना माझी विनंती आहे की या नोंदींचा अर्थ काय असावा आणि असे फिरणे आज कायद्यात कितपत बसते, हे त्यांनी सांगावे. हरणे चाटायला येतील म्हणून दगडावर मीठ ठेवून फोटोसाठी वाट पाहिली तर चालेल का, हेही मला विचारायचे आहे.

जुना बीटवाला:

आपल्या आप्पांची वही वाचायला मिळाली असती तर बरे झाले असते. मी वनरक्षक म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी बरीच वर्षे काढली आहेत, तेव्हा जमेल तेवढे सांगतो.

मिठाचा विषय आधी मिटवू. ते करू नका. कायद्याच्या दुसऱ्या कलमात शिकारीची जी व्याख्या दिली आहे तिच्यात मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, हाकारे घालून हुसकावणे आणि आमिष दाखवणे हे सर्व येते, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा प्रयत्नसुद्धा येतो. आपण ज्या भागाचे नाव घेतले आहे तो यावल अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य 1969 साली घोषित झाले. अभयारण्याच्या हद्दीत शिकारीचा गुन्हा सिद्ध झाला तर प्राणी कोणताही असो, शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी होत नाही आणि ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. माझा हेतू फोटोचा होता, हे पटवून देत बसण्याची वेळ आपल्यावर का यावी? फिरण्यासाठी मात्र कलम 28 खाली अभ्यास, छायाचित्रण किंवा पर्यटन या कारणांसाठी परवानगी मिळते. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी अर्ज करावा आणि स्थानिक पावरा किंवा तडवी आदिवासी वाटाड्या बरोबर घ्यावा. डोळे त्याचे वापरावेत, वही आपली वापरावी.

आता नोंदींकडे वळू. "साल ओली" ही फार मोलाची नोंद आहे. पावसाळ्यात सांबराच्या नराच्या शिंगांवर मखमली कातडे असते. पावसाळा सरता सरता ते सुटू लागते आणि नर शिंगे झाडाच्या खोडावर घासू लागतो. पुढे माजाच्या, म्हणजे मीलनाच्या दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, हे घासणे आणखी वाढते. सोललेल्या जागी रस ओला असेल तर नर त्याच रात्री तेथून गेला असे समजावे, आणि रस वाळून तांबूस झाला असेल तर त्यामागे वेळ दवडू नये. फांदी मोडली जाते ती नर मागच्या पायांवर उभा राहून डोक्यावरच्या फांद्यांत शिंगे आणि तोंड घासतो म्हणून. चितळाचा नरही असेच करतो, पण त्याची खोडावरची खूण बरीच खाली असते. आप्पांनी "वर" हा शब्द मुद्दाम लिहिला असणार.

"हरीण लहान, लेंड्यांचा ढीग, तोच" हे वाचून मला चौसिंग्याची शंका येते. चितळ आणि सांबर चालता चालता लेंड्या टाकतात, तर चौसिंगा ठरलेल्या जागी परत परत येऊन टाकतो आणि तेथे ढीग साचतो. "तोच" याचा अर्थ तीच जागा असा घ्यावा. रोही, म्हणजे नीलगायही असेच करते, पण रोहीला कोणी लहान हरीण म्हणणार नाही. एक गोष्ट जाता जाता सांगतो: आपल्याकडे हरीण हा शब्द फार सैल वापरला जातो. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे, कारण त्यांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही यांची शिंगे जन्मभर राहतात, म्हणून त्यांचे कूळ वेगळे आहे. चौसिंगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, हेही लक्षात असू द्यावे.

ठशांविषयी थोडेसे. चितळाचा ठसा साधारण दोन इंचांचा आणि टोकदार असतो, तर सांबराचा तीन इंचांच्या आसपास भरतो. रानडुकराच्या ठशात मागच्या दोन लहान खुऱ्या दोन्ही बाजूंना उमटलेल्या दिसतात. हरणाच्या ठशात त्या सहसा चिखलात किंवा ते धावत असतानाच उमटतात. ठसा किती जुना हे हिवाळ्यात दवावरून कळते. ठशाच्या आतल्या मातीवर दवाचे थेंब बसून खड्डे पडलेले असतील तर तो दव पडण्यापूर्वीचा, आणि आतली कड कोरडी व धारदार असेल तर पहाटेनंतरचा. पायवाटेवर कोळ्याचे जाळे अखंड असेल तर सकाळपासून तेथून काहीच गेलेले नाही.

राहिले ते दर दोन पानांआड येणारे वाक्य. ते वाऱ्याविषयी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोंगरात रात्री थंड झालेली हवा उताराने खाली वाहते आणि ती सकाळपर्यंत तशीच वाहत राहते. ऊन चढले की उतार तापतो आणि हवा वर चढू लागते. म्हणून सकाळी आपण जनावराच्या खालच्या अंगाने जावे, म्हणजे आपला वास खाली दरीत जातो, आणि ऊन चढल्यावर वरच्या अंगाने उतरावे. सांबराच्या नाकापुढे कोणाचे काही चालत नाही. दिसण्यापेक्षा आणि आवाजापेक्षा वासानेच माणूस फसतो, जरी जानेवारीनंतर सागाचा वाळलेला पाला पायाखाली पापडासारखा वाजू लागला की आवाजही कमी दगा देत नाही.

चोपड्याचा शेतकरी:

वर जे लिहिले आहे ते वाचून आनंद झाला, पण थोडे हसूही आले, कारण जे पाहण्यासाठी आपण परवानगी काढून डोंगरात जाणार आहात ते माझ्या हरभऱ्यात रोज रात्री न बोलावता येते. रोही कोठून शिरतात हे मीसुद्धा मागावरूनच ओळखले आहे. बांधाच्या एकाच कोपऱ्यात त्यांच्या लेंड्यांचा ढीग असतो आणि तेथून तीन पायवाटा आत फुटतात. गेल्या वर्षी मी नुकसानीचा अर्ज दिला, तर पंचनाम्याला माणसे आली तोपर्यंत उरलेला हरभरा निघून खळ्यावर गेला होता. आता पहिल्याच दिवशी तारीख दिसेल असे फोटो काढून अर्ज देतो.

कायद्याच्या कलम 11 मध्ये पिकाचे नुकसान करणाऱ्या, पहिल्या अनुसूचीत नसलेल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो, हे मला माहीत आहे, पण मी ती मागितलेली नाही. घरात कोणाचा हात रोहीवर उठत नाही. मात्र काही जण तारेत वीज सोडतात, त्याविषयी येथे स्पष्ट लिहितो: तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला जनावर आणि पाणी धरायला गेलेला माणूस यांतला फरक कळत नाही.

अमळनेर ते मिशिगन:

मी अमळनेरचा असून काही वर्षांपासून अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो. येथे शिकार कायदेशीर आहे. बंदुकीचा हरणांचा हंगाम दर वर्षी 15 नोव्हेंबरला सुरू होऊन 30 नोव्हेंबरला संपतो. माझ्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर मी दोनदा गेलो आहे. बंदूक मी घेतली नाही, पण झाडावर बांधलेल्या मचाणावर पट्ट्याने स्वतःला जखडून चार-चार तास बसलो आहे.

आप्पांच्या वहीचे वर्णन वाचून मला त्या सहकाऱ्याची आठवण झाली, कारण त्याचाही निम्म्याहून अधिक वेळ पाहणीतच जातो. सप्टेंबरपासून तो रानात फिरून हरणे कोठे बसतात, कोठे चरतात आणि त्या दोन जागांमधील वाट कोणती, हे कागदावर मांडतो. येथले हरीण व्हाइटटेल जातीचे. त्याच्या नराचा माज नोव्हेंबरातच असतो आणि तोही खोडावर शिंगे घासतो. शिवाय लोंबत्या फांदीखालची जमीन खुरांनी उकरून तेथे मूत्र सोडतो आणि वरची फांदी तोंडाने चघळतो. आपल्या सांबराची मोडलेली फांदी आणि ही फांदी यांत मला फार अंतर वाटत नाही. डोंगरातील वाऱ्याचा जो नियम वर सांगितला आहे तोही सहकाऱ्याने मला पहिल्याच दिवशी शिकवला होता. त्याला ते येथे थर्मल म्हणतात.

फरक सांगायचा तर भोवतालच्या परिस्थितीत आहे. दक्षिण मिशिगनमध्ये लांडगे उरलेले नाहीत आणि हरणांची संख्या फार आहे, म्हणून सरकार परवाने विकून ती आटोक्यात ठेवते आणि त्याच पैशावर वन्यजीव खाते चालते. मीठ, मका वगैरे आमिषावर मात्र राज्याच्या दक्षिणेकडच्या मुख्य द्वीपकल्पात 2019 मध्ये बंदी घालण्यात आली, कारण एका जागी तोंडे घातल्याने हरणांत रोग पसरतो. म्हणजे मिठाचे उत्तर दोन्हीकडे "नाही" असेच आले. सहकारी झाडांना स्वयंचलित कॅमेरे बांधतो, तो उपाय आपल्याला उपयोगी पडेल का?

जुना बीटवाला:

अभयारण्यात विनापरवानगी कॅमेरा बांधू नये. तो जप्त होईल आणि वर उत्तरे द्यावी लागतील. गळून पडलेले शिंग दिसले तर त्याचा फोटो काढावा आणि ते तेथेच सोडावे, कारण अभयारण्यातून काहीही उचलून आणता येत नाही. आप्पांची बंदूक जमा झालेली आहे हे चांगलेच आहे. लेखी परवानगीवाचून हत्यार घेऊन आत जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तापीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वही पुन्हा उघडून बसलो. "सकाळी खालून" ही नोंद जेथे जेथे आहे तेथे पुढे नेहमी एखाद्या नाल्याचे नाव आहे, आणि "वरून" असेल तेथे टेकडीचे, हे आता लक्षात आले. यांतली बहुतेक नावे पावरी बोलीतली असावीत, कारण नकाशावर ती सापडत नाहीत. बीटवाले काका, यांतली दोन-तीन नावे आपल्याला विचारली तर चालेल का? एका नाल्यापुढे आप्पांनी तीन वेळा रेघ ओढून लिहिले आहे: "येथे बंदूक नको. मादी व पाडस."