एवढ्याशा क्रीमने समुद्राला काय होणार?

वर विचारलंय की अंगाला लावलेल्या एवढ्याशा सनस्क्रीन क्रीमने समुद्राला काय होणार, तर अख्ख्या समुद्राला नाही होत हो, पण उथळ खाडीत जिथे प्रवाळ अगदी गुडघाभर पाण्यात असतात आणि रोज शेकडो माणसं अंगाला फासून लगेच उतरतात तिथे होतं. हवाईला हनौमा बेमध्ये मी स्वतः बघितलंय, सकाळी पाणी काचेसारखं आणि दुपारपर्यंत काठाकाठाने तेलकट इंद्रधनुषी तवंग, खूप वाईट वाटलं. हवाईने 2018 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या ऊन अडवणाऱ्या रसायनांच्या सनस्क्रीनची विक्रीच बंद केली, पलाऊ या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशाने तर 2020 पासूनच.

खरी गंमत 2022 च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात आहे. आपल्या त्वचेवर ऑक्सिबेन्झोन ऊन शोषून घेतं, पण सी अ‍ॅनिमोनच्या (प्रवाळाचा नातेवाईक असलेला मऊ समुद्री प्राणी) शरीरात त्याला साखरेचा रेणू चिकटतो आणि मग तेच उन्हात विषारी होतं!! अ‍ॅनिमोन आणि प्रवाळांच्या शरीरात राहणारं शेवाळ ते विष थोडंफार स्वतःत साठवून प्राण्याला वाचवतं, म्हणजे पाणी तापून शेवाळ आधीच निघून गेलेले पांढरे पडलेले प्रवाळ जास्त धोक्यात. मोठा शत्रू तापमानवाढच आहे, मान्य, पण आजारी माणसाला अजून त्रास कशाला द्यायचा?

आणि ट्यूबवरच्या 'रीफ सेफ' (प्रवाळांना सुरक्षित) शब्दावर जाऊ नका, त्याला कायदेशीर व्याख्याच नाही. मागची घटकांची यादी वाचा, बेन्झोफेनोन-3 म्हणजे ऑक्सिबेन्झोनच. मालवणला स्नॉर्कलिंगला जाताना मी तर सरळ फुल बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट) घालते, क्रीम फक्त तोंडाला, तेही झिंक ऑक्साइडवालं.